राजस्थानात जानेवारीतील पक्षीनिरीक्षण

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दर रविवारी ठाणे खाडीवर पक्षी पाहतो. येत्या जानेवारीत आठ दिवसांत बीकानेर, खीचन, जैसलमेर आणि माउंट अबू अशी फेरी करावी, असा बेत आहे. तो जमेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : बीकानेर वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील जोडबीडची गिधाडे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. पण त्यांच्यासाठी वेगळा प्रवास करावा, कारण या वेळी आपले दोन दिवस गाडीतच जातील.

जोधपूरहून फलोदी सुमारे १४० किलोमीटर असून खीचन तेथून जवळच आहे. तेथे मुक्काम करून उजाडण्यापूर्वीच चुग्गाघरापाशी पोहोचावे. गावकरी कांड्या करकोच्यांसाठी, म्हणजे त्यांच्या भाषेतील ‘कुरजां’साठी, तेथे धान्य पसरून ठेवतात. आधी नुसता कलकलाट ऐकू येतो, मग थव्यामागून थवे उतरू लागतात. आणि एखादा पक्षी कुंपणालगत आला की काळ्या मानेवर डोळ्यामागून मागे वळलेला पांढरा तुरा दुर्बिणीविनाही दिसतो. दुपारी हेच पक्षी तळ्यावर भेटतात.

खाडीवर आपण भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून निघता, तसे जैसलमेरच्या मरू राष्ट्रीय उद्यानात उन्हाकडे पाहून निघावे लागते. जमीन तापली की तिच्यालगतची हवा थरथरू लागते आणि दूरचा माळढोक उत्तम दुर्बिणीतूनही नुसता डाग दिसतो, म्हणून सकाळचे पहिले दोन तास हातचे घालवू नयेत. कडाक्याची थंडी असते. हातमोजे विसरू नका. वनखात्याचा परवाना आदल्या दिवशीच काढावा. माळढोक आता जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत. या जड पक्ष्याला समोरचे कमी दिसत असल्याने विजेच्या तारांवर आदळून तो मरतो, हे मला फार अस्वस्थ करते. तो दिसलाच तर कृपया वाहन त्याच्या दिशेने नेण्याचा आग्रह चालकाला करू नये.

शेवटचे दोन दिवस अबूला द्यावेत. गुरुशिखर १७२२ मीटर उंच आहे, पण आपल्याला हवी असलेली हिरवी मुनिया शिखरावर न शोधता खालच्या शेतांच्या कडेने आणि घाणेरीच्या झुडपांत शोधावी. तिचा आवाज मोबाइलवर वाजवू नये. झुडपापासून थोडे दूर शांत बसून राहिल्यास लाल चोचीचा, कुशीवर काळे-पांढरे पट्टे असलेला तो लहानसा थवा दाणे टिपायला आपणहून बाहेर येतो.