मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली असताना पोल व्हॉल्टर (लांब काठीच्या, म्हणजे पोलच्या, आधारानं उंच उडी मारणारे) मधल्या स्पर्धा का खेळतात? तेव्हा विश्रांती घ्यायला नको का?

विश्रांती हवी, पण तुमच्या मुलीचे सर सांगताहेत तसली नको. तुम्ही लिहिलंय की तिची राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे, मधे सांगलीला एक खुली स्पर्धा आहे आणि सर म्हणताहेत, "जाऊ नकोस, पाय ताजे ठेव." मीही पोल व्हॉल्ट करायचे, आणि हेच वाक्य मी 2009 साली साताऱ्यात ऐकलं होतं, शब्द न् शब्द. म्हणून लिहायला बसले.

आधी स्वीडनच्या विश्वविक्रमवीर डुप्लांटिसचं, कारण तुम्ही त्याचंच नाव घेतलंय. 2025 ची जागतिक स्पर्धा सप्टेंबरमध्ये टोकियोला होती. 12 ऑगस्टला तो बुडापेस्टमध्ये 6.29 मीटर उडाला, विश्वविक्रम. आता महिनाभर जपून राहू, असं त्यानं केलं नाही. ऑगस्टच्या शेवटी झुरिकला डायमंड लीग या स्पर्धा-मालिकेच्या फायनलला उतरला आणि 15 सप्टेंबरला टोकियोत 6.30 गेला. अशा स्पर्धांत पैसे मिळतात, विक्रमाला बोनस असतो, हे सगळं खरं. पण नुसत्या पैशासाठी कुणी सुवर्णपदक पणाला लावत नाही.

खरं कारण पायात आहे. स्पर्धेच्या दिवशी माणूस सरावापेक्षा जोरात पळतो. तो जोर ठरवून आणता येत नाही. पंच नाव पुकारतात, बाजूला लोक बसलेले असतात, बार वर असतो, आणि पावलं आपोआप लांब पडायला लागतात. मग टेक-ऑफचा, म्हणजे उडी घ्यायचा, पाय ठरल्या जागेच्या पुढं, बॉक्सच्या (पोल रोवायच्या खाचेच्या) जवळ पडतो. आम्ही त्याला 'पाय आत गेला' म्हणायचो. पाय आत गेला की पोल वाकायच्या आधीच खांद्याला हिसका बसतो आणि उडी तिथंच संपते. उपाय एकच, मार्क, म्हणजे पळायला सुरुवात करायची खूण, मागं घ्यायचा. आणि वेग वाढला की पोलही जास्त वाकतो, म्हणून जास्त कडक पोल उचलावा लागतो. मोठे खेळाडू पिशवीभर पोल घेऊन फिरतात, एकापेक्षा एक कडक. कुठल्या उंचीला कुठला काढायचा हे त्यांना अशा मधल्या स्पर्धांत कळतं. सरावात तो वेगच येत नसेल तर कळणार कुठून?

माझ्याकडं पोल एकच होता, तोही उसना. रनअप, म्हणजे उडीआधीची धाव, बारा पावलांचा. आमच्या मैदानावर रनवे मातीचा होता आणि मार्क म्हणून कडेला अर्धी वीट ठेवलेली असायची. सरावात 2.70 जात होते. राज्य स्पर्धेच्या दोन आठवडे आधी सांगलीला अशीच एक खुली स्पर्धा होती आणि मी नाव दिलं होतं. सरांनी ते खोडलं. वर एकोणीस दिवस पोलला हात लावू दिला नाही. रोज हलकं पळायचं, स्ट्रेचिंग करायचं आणि घरी जायचं. पोल चादरीत गुंडाळून खोलीत उभा होता. माझे चुलते पैलवान होते, कोरेगाव तालुक्यातल्या सगळ्या जत्रा खेळलेले. ते वडिलांना म्हणाले, "जत्रेत लढल्याशिवाय मोठं मैदान कसं मारंल पोरगी?" वडील म्हणाले, सरांना कळतं.

राज्य स्पर्धेला बालेवाडीत सिंथेटिक रनवे. पहिल्यांदाच त्यावर पाय ठेवला. मातीत पाय रुततो, इथं उसळत होता. सुरुवातीची उंची 2.40, म्हणजे मी वॉर्म-अपमध्ये जाते ती. पहिल्या उडीला हिसका असा बसला की बारच्या खालून सरळ मॅटवर जाऊन पडले. दुसरीला तेच. सर कठड्यापलीकडून ओरडत होते, "जोर लाव! घाबरू नको!" मी जोर लावला, म्हणजे पाय अजून आत गेला. तिसऱ्या वेळी पोल उभा राहिला आणि मला घेऊन मागंच आला. रनवेवर आपटले, कोपराची सालं निघाली. तीन चुका, खेळ खलास. निकालात नावापुढं उंचीच नाही.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलीचे कोच माझ्याजवळ आले. त्यांनी बॉक्ससमोर माझ्या स्पाइक्सचे (खिळ्यांच्या बुटांचे) ओरखडे दाखवले आणि म्हणाले, "बाळ, तुझा पाय दीड फूट आत पडतोय. तिन्ही वेळा." एवढंच. सांगलीला उतरले असते तर हे तिथंच, दोन आठवडे आधी कळलं असतं. परक्या रनवेवर एकदा तरी मार्क हलवायची सवय झाली असती.

परतीच्या एसटीत सर रशियाच्या विश्वविक्रमवीर पोल व्हॉल्टरबद्दल म्हणाले, "इसिनबायेवाचं बर्लिनला हेच झालं की." झालं होतं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. जागतिक स्पर्धेत ती थेट 4.75 ला उतरली, एकदा चुकली, ती उंची सोडून 4.80 ला गेली आणि तिथं दोनदा चुकली. नावापुढं काहीच नाही. सुवर्ण पोलंडच्या रोगोव्स्काला, 4.75 वर. पण पुढचं सर बोललेच नाहीत. अकराव्या दिवशी ती झुरिकला उतरली आणि 5.06 गेली. महिलांचा तो विश्वविक्रम आजही मोडलेला नाही. तिला कुणी पाय ताजे ठेवायला घरी बसवलं नाही. मला बसवलं. त्या मोसमात पुन्हा स्पर्धा नाही, आणि 2011 ला मी पोल सोडला.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. अजून म्हणतात, "तू घाबरली होतीस." सर, घाबरलेल्याचा पाय मागं पडतो. माझा पुढं पडत होता. घाबरले ते तिसऱ्या उडीला, दोन हिसके खाल्ल्यावर.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही माझ्या रागावर निर्णय घ्याल. दुखापतीची भीती खोटी नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये फ्रान्सचा लाव्हिलेनी डोनेत्स्कला 6.16 गेला, युक्रेनच्या बुबकाचा इनडोअर (बंदिस्त सभागृहातला) विक्रम मोडला, आणि त्याच दिवशी 6.21 चा प्रयत्न करताना पाय जखमी करून बसला. पुढच्या महिन्यातली जागतिक इनडोअर स्पर्धा हुकली. आणि मधल्या स्पर्धा खेळून सगळं जमतंच असंही नाही. बुबकानं 1992 च्या जूनमध्ये दिजोंला 6.11 चा विश्वविक्रम केला आणि ऑगस्टमध्ये बार्सिलोना ऑलिंपिकला त्याची एकही उडी बसली नाही. त्यामुळं मुलीची कंबर किंवा मांडीची मागची शीर दुखत असेल तर सांगली विसरा. पावसानं रनवे ओला असेल तरी नको. आणि शेवटचे चार-पाच दिवस हलकेच ठेवा, तिथं सरांचं बरोबर आहे. समोर उभं राहून मी तिची उडी पाहिलेली नाही, हेही लक्षात घ्या.

पण अंग ठणठणीत असेल तर पाठवा. पदकाची अपेक्षा ठेवू नका. सोयीच्या उंचीला उतरू दे, चार-पाच उड्या मारून परत येऊ दे. तुम्ही बॉक्सच्या रेषेत बसा आणि प्रत्येक उडीला पाय कुठं पडतो ते वहीत लिहा. राज्य स्पर्धेला जाताना पहिल्या उडीनंतर मार्कची पट्टी हलवायची का, हे कोण सांगणार ते सरांशी आधीच ठरवून घ्या. माझी पट्टी त्या दिवशी तिन्ही उड्यांना जिथल्या तिथं होती.