कंदिलावरची तीन अक्षरं

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल रविवारी वाचला आणि तिन्ही आराखडे छापून टेबलावर मांडले. स्क्रीनवर डोळ्यांना दिसतं, पण हाताला कळत नाही, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहेच. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आजीचा ऐंशीवा वाढदिवस, कलकत्त्यातल्या टँगरा या कातडी कमावणाऱ्या चिनी लोकांच्या वस्तीतून टोरांटोला गेलेलं, दक्षिण चीनमधल्या हाक्का समाजाचं कुटुंब, आणि त्यांना हवंय एक कुलचिन्ह, ‘आजच्या काळातलं, पण चिनी वारसा सांगणारं’. काम छान मिळालंय. आराखडे मात्र पटले नाहीत.

पहिल्यात ढाल आणि ढालीवर ड्रॅगन. दुसऱ्यात वर्तुळ, बांबू, यिन-यांग. तिसऱ्यात नुसतं ‘यांग’ हे त्यांचं आडनाव, ब्रशच्या फॉन्टमध्ये. आणि मेलच्या अगदी तळाशी, ‘जाता जाता’ म्हणून जोडलेला टँगराच्या घरातल्या जुन्या कंदिलाचा धूसर फोटो. अरे, तुझं काम त्या फोटोत आहे!

ढाल युरोपची. लढाईत शिरस्त्राणाआड चेहरा झाकला की माणूस ओळखू यावा म्हणून ती रंगवायला लागले, पुढे ती घराण्याची झाली. इंग्लंडात तर १४८४ पासून त्यासाठी वेगळं दप्तर आहे. जपानमध्ये घराण्यांची ‘कामोन’ नावाची चिन्हं असतात, आपल्याकडे देवक असतं. चीनमध्ये वंशपरंपरेनं चालणाऱ्या चित्रचिन्हांची अशी पद्धत रुजली नाही. अधिकाऱ्यांच्या अंगरख्यावर छातीशी चौकोनी भरतकाम असे. मिंग दरबारानं १३९१ मध्ये त्याचे नियमच केले, मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांना श्वापदं. क्रौंच म्हणजे पहिल्या दर्जाचा मुलकी अधिकारी. पण ते हुद्द्याचं चिन्ह होतं, घराचं नव्हे. कलेक्टरच्या गाडीवर २०१७ पर्यंत दिवा असायचा, पण बदली झाली म्हणून तो कोणी देव्हाऱ्यात ठेवला नाही. ड्रॅगनचंही तेच. तू काढलेल्याला पाच नखं आहेत, मी मोजली. पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा. कातडी कमावणाऱ्या कष्टाळू माणसांच्या माथी तो कशाला?

मग त्यांच्याकडे होतं काय? आडनाव होतं, वंशावळीची पोथी होती, ठसा होता, आणि होतं ‘थांग-हाव’, म्हणजे दालनाचं नाव. पूर्वजांच्या दालनाला घराणं एक नाव देई. कधी मूळ मुलुखाचं, कधी एखाद्या पूर्वजाच्या गोष्टीवरून पडलेलं. वांग घराण्यातल्या एकानं अंगणात तीन झाडं लावली, पुढे मुलगा प्रधान झाला, म्हणून ‘तीन वृक्षांचं दालन’. चांग घराण्याच्या नऊ पिढ्या एका छपराखाली नांदत होत्या. हे जमतं कसं, असं बादशहानं विचारल्यावर म्हाताऱ्यानं ‘सहन करणे’ हे एकच अक्षर शंभर वेळा लिहून दिलं, म्हणून ‘शंभर सहनांचं दालन’. (एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.) लग्नकार्यात, सणाला दारात कंदील लागत. त्यांच्या एका अंगाला आडनाव, दुसऱ्या अंगाला दालनाचं नाव.

तुझ्या फोटोत तेच आहे. मला चिनी वाचता येत नाही, पण मुद्रांच्या नादात पन्नासेक अक्षरं ओळखीची झालीत. पहिलं अक्षर म्हणजे चौकट आणि आत पडद्यासारखे लोंबणारे दोन पाय. ते ‘चार’. शेवटचं ‘दालन’. मधलं पुसटलंय, पण आडनाव यांग असल्यावर ते ‘जाणणे’ असणार अशी माझी पैज. सि-च्र-थांग, ‘चौघांना ठाऊक’ असलेलं दालन.

गोष्ट अशी. चीनच्या पूर्व हान राजवटीत यांग चन नावाचा अधिकारी होता, इसवी सन १२४ मध्ये तो वारला. बदलीच्या गावी जाताना वाटेत मुक्काम पडला. तिथल्या अधिकाऱ्याला यांगच्याच शिफारशीनं जागा मिळाली होती. तो रात्री सोनं घेऊन आला. म्हणाला, अंधार आहे, कुणाला कळणार नाही. यांग म्हणाला, आकाशाला ठाऊक, देवांना ठाऊक, मला ठाऊक, तुला ठाऊक. कुणाला कळणार नाही कसं म्हणतोस? सोनं परत गेलं. नंतरच्या एका इतिहासात ‘देवां’च्या जागी ‘धरती’ आली. आजीच्या घरात कुठला पाठ चालतो ते विचार, कारण चिन्ह आखताना त्यानं फरक पडेल. आणि सगळे यांग हेच दालन सांगत नाहीत, पुष्कळ जण ‘होंग-नोंग’ हे मूळ मुलुखाचं नाव लावतात. म्हणून फोटो नीट स्कॅन करून जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय पेन्सिल उचलू नकोस. माझी पैज हरूही शकते.

तिसरा आराखडा खऱ्याच्या जवळ होता, पण त्यात घोटाळा आहे. यांग या अक्षरात डावीकडे झाड. उजवीकडे वर सूर्याची पेटी, तिच्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली तिरके फटकारे. तुझ्या अक्षरात ती आडवी रेघ गळलीय. तिच्यावाचून उजवा भाग ‘यी’ होतो, वेगळंच अक्षर. गंमत म्हणजे चिनी लोक आडनाव सांगताना ‘मु-यी-यांग’, झाड आणि यी मिळून यांग, असंच म्हणतात, जसं आपण ‘न नळाचा, ण बाणाचा’ म्हणतो. बोलताना चालतं, लिहिताना नाही. कुणा कुलकर्ण्यांच्या दारावर ‘कुलकर्णि’ अशी पाटी लावून बघ काय होतं ते. १९५६ पासून मुख्य चीनमध्ये सोपी अक्षरं आली आणि त्यात हा उजवा भाग आणखी आटला. पण यांचे लोक मेईश्येन या दक्षिण चीनमधल्या हाक्का मुलुखातून निघाले ते त्याच्या कितीतरी आधी. कंदिलावर जुनं वळण आहे, तेच ठेव. आणि रोमन स्पेलिंगवर विसंबू नकोस. हेच आडनाव हाक्का लोक ‘यॉन्ग’ लिहितात, सिंगापुरात ते ‘यिओ’ होतं.

आकार ठशाचा घे. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा आठव. आत चित्र नाही, मजकूर आहे. पत्राच्या माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब, आपल्या भाषेत तो जोडशब्दच झाला. म्हणजे अक्षरांनी भरलेला ठसा ही तुला परकी गोष्ट नाही, उलट ढालच परकी. चिनी ठसे दोन तऱ्हेचे. एकात अक्षर लाल उमटतं, दुसऱ्यात जमीन लाल आणि अक्षर पांढरं. दुसरा घे, लहान आकारात तो टिकतो. चौकटीच्या चार बाजू तुला आयत्या मिळतात. वर आकाश, खाली धरती, एका अंगाला मी, एका अंगाला तू, आणि मधे रात्र. आजीच्या घरात ‘देव’ असतील तर खालच्या बाजूचा वेगळा विचार करावा लागेल. चार ठिपके, चार फुलं असलं काही काढू नकोस. ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळ जातो, म्हणून वाढदिवसाला तो आकडा मोजायला लावणं बरं नव्हे. चौकटीच्या बाजू कोणी मोजत बसत नाही.

रंगाचं सांगतो, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. तीसेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका चिनी हॉटेलच्या मेनूकार्डासाठी मी पांढरा कंदील काढला आणि त्यावर निळी अक्षरं. मला फार देखणं वाटलं. मालकांनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला चहा पाजून म्हणाले, हा कंदील आम्ही घरात कुणी गेलं की लावतो. चहाचा घोट गिळवेना. तेव्हा लालच धर, पण त्यातही मेख आहे. जिवंत माणसाचं नाव लाल शाईनं लिहिणं अशुभ मानतात. ठशाचा लाल चालतो, कारण ठसा म्हणजे सही. तर निमंत्रणपत्रिकेत चिन्ह लाल, आजीचं नाव काळं किंवा सोनेरी.

आणि आता ती गोष्ट जी तुझ्या मैत्रिणीच्याही ध्यानात आलेली दिसत नाही. चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. यांग हे आजोबांचं आडनाव. ज्या आजीचा वाढदिवस, तिचं आडनाव चिन्हात कुठेच नाही! जुन्या वंशावळींत मुलींची नोंद बहुधा नसायचीच. कन्फ्यूशियसच्या घराण्याची २००९ ची आवृत्ती वीस लाखांवर नावांची, आणि स्त्रिया त्यात पहिल्यांदा आल्या. आजीच्या माहेरच्या दालनाचं नाव शोध आणि दुसरा, छोटा ठसा कर. शिक्का आजोबांचा, मोर्तब आजीची.

टँगराचं काय, असं तू विचारलंयस. कातड्याचे कारखाने, कलकत्ता, हे सगळं चिन्हात कोंबू नकोस. कागदाच्या पोतात, पत्रिकेच्या मजकुरात येऊ दे. आणि बोलताना जरा जपून. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० भारतीय चिनी माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडलं होतं. आजी तेव्हा विशीच्या आत असणार. तू भारतातून आलायस, म्हणून ती तुझ्याशी हिंदीत भरभरून बोलेल, किंवा अजिबात बोलणार नाही. दोन्ही चालवून घे.

पुढचा आराखडा नखाएवढा छापून पाठव, आणि एकदा आरशात धरून बघ. ठसा कोरताना उलटा असतो, तुम्ही मुलं फाइल पालटायला विसरता. पण त्याआधी आजीला तिचं माहेरचं आडनाव विचार, आणि ते कोणकोणत्या अक्षरांनी बनतं हे ती तोंडानं कसं सांगते, ते जसंच्या तसं टिपून घे.

तुझा,
सर

ता. क. ती आडवी रेघ विसरू नकोस.