अपील पॅनेलवरची तिसरी खुर्ची

मुलाला हव्या त्या शाळेत जागा मिळाली नाही तर अपील कसं करायचं, यावर मागे या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीच पत्रं उलट्या बाजूची निघाली. टेबलापलीकडे बसतात ते तिघं कोण असतात? आपल्याला तिथे बसता येईल का? मी गेली काही वर्षं तिथे बसते आहे, म्हणून अनुभवातून उत्तरं देते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

मी लेस्टरमध्ये अकाउंटंट आहे. शिक्षणक्षेत्राशी काडीचाही संबंध नाही. मला कोण घेणार?

तुमच्यासारख्यांचीच तर वानवा असते. पॅनेलवर किमान तीन माणसं लागतात. त्यांतला निदान एक ‘ले मेंबर’ हवा, म्हणजे शाळा चालवण्याचा किंवा शाळेत शिकवण्याचा अनुभव नसलेला. स्वयंसेवक म्हणून वाचन घ्यायला जात असाल किंवा गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाचे सदस्य, असाल तरी चालतं. निदान एक जण शिक्षणातला जाणकार किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाचा पालक लागतो. निवृत्त शिक्षक उत्साहाने पुढे येतात, पण ले मेंबर शोधताना पॅनेलचं कामकाज सांभाळणाऱ्या क्लार्कच्या नाकी नऊ येतात.

ज्या शाळेविरुद्ध अपील आहे तिचे आजी-माजी गव्हर्नर, त्या कौन्सिलचे नगरसेवक आणि तिथले कर्मचारी (शिक्षक सोडून) यांना बसता येत नाही. प्रशिक्षण घेतल्याशिवाय तर कोणालाच नाही. आपल्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘स्कूल अपील्स’ शोधा आणि तिथल्या क्लार्कला लिहा. अकॅडमी शाळांची, म्हणजे कौन्सिलच्या ताब्याबाहेरच्या सरकारी खर्चाच्या शाळांची, अपिलं त्यांची त्यांनी चालवायची असतात, पण अनेक जणी हे काम कौन्सिलकडेच सोपवतात. मानधन नाही. प्रवासखर्च मिळतो, रजेमुळे पगार बुडाला तर त्याची भरपाईही मिळू शकते.

पॅनेल नेमकं करतं काय? शाळा ‘जागा भरल्या’ म्हणते, पालक ‘आम्हाला हवीच’ म्हणतात. मधे तुम्ही काय ठरवणार?

शाळेची एक ठरलेली प्रवेशसंख्या असते, तिला ‘पॅन’ म्हणतात. (आपल्या डोक्यात आधी पॅनकार्डच येतं. मी पहिल्या प्रशिक्षणात पाच मिनिटं गोंधळले होते.) समजा पॅन १८० आहे. शाळेला आधी दाखवावं लागतं की प्रवेशाचे नियम कायद्याला धरून होते, ते नीट लावले, आणि १८१वं मूल घेतलं तर बाकीच्यांच्या शिक्षणाला बाध येईल. ‘फुल’ म्हणून भागत नाही. इथे ले मेंबरचे भाबडे प्रश्न सोन्यासारखे असतात. एकदा शाळेचा माणूस प्रयोगशाळा किती लहान आहे ते रंगवून सांगत होता. आमच्यातल्या तिसऱ्या खुर्चीवरच्या निवृत्त टपाल कर्मचाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘मागच्या वर्षी तुम्ही आपणहून १८६ घेतलेत. ती सहा मुलं कुठे बसतात?’ उत्तर आलंच नाही.

शाळेने आपली बाजू सिद्ध केली की दुसरा टप्पा. शाळेचं नुकसान एका पारड्यात, या मुलाची गरज दुसऱ्या पारड्यात. तपशील बदलून एक सांगते. एका आईने टेबलावर दोन बसची वेळापत्रकं ठेवली, हायलायटरने रंगवलेली. धाकट्याला चालता येत नाही, त्याची गाडी ८:१० ला दारात येते. मिळालेल्या शाळेची बस ८:०५ ची, आणि थोरलीला एकटीने प्रवास करता येत नाही, त्याचं डॉक्टरांचं पत्र. ती मधूनमधून ‘तुमचा वेळ घेते, सॉरी’ म्हणत होती. तिच्या आधीचे गृहस्थ वीस मिनिटं शाळेच्या ऑफस्टेड अहवालावर, म्हणजे सरकारी तपासणीच्या अहवालावर, बोलले होते. शाळा उत्तम आहे हे आम्हालाही ठाऊक असतं. आम्हाला कळायला हवं ते वेगळं: याच मुलाला हीच शाळा का?

एकाच शाळेसाठी पंचवीस अपिलं असतील तर सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत एकाचाही निकाल ठरवायचा नाही आणि तेच तिघं शेवटपर्यंत हवेत. म्हणून ‘मला एकच दिवस जमेल’ असं आधीच सांगून ठेवा. सेकंडरीच्या जागा १ मार्चला जाहीर होतात, प्राथमिकच्या १६ एप्रिलला. अपिलाची मुदत संपल्यापासून शाळेच्या ४० दिवसांत सुनावणी व्हावी लागते, त्यामुळे मे ते जुलै फार गर्दी असते.

रिसेप्शनची, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्षाची, अपिलं जवळजवळ सगळी फेटाळतात असं ऐकलं. मग हा फार्स कशाला?

फार्स म्हणू नका, पण तुमची चीड समजते. रिसेप्शन, पहिली आणि दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं नकोत, असं १९९८च्या कायद्याने ठरवलं. तिथे पारडी तोलायची मुभाच आम्हाला नाही. नियमात चूक झाली का, ती झाली नसती तर जागा मिळाली असती का, किंवा निर्णय कोणीही शहाणा माणूस घेणार नाही इतका अतर्क्य होता का, किंवा मुळात मर्यादा ओलांडलीच जात नाही का, एवढंच पाहायचं. पण चूक सापडतेही. एका अर्जात थोरल्या बहिणीचं नाव लिहिलेलं असूनही संगणकात ‘भावंड नाही’ अशी नोंद होती. ते अपील आम्ही पंधरा मिनिटांत मान्य केलं.

बाकीच्या वेळी समोर रडणारी आई असते आणि आपल्या हातात काही नसतं. या कामातला सगळ्यात जड भाग हाच आहे. मी पहिल्या वर्षी घरी येऊन नवऱ्याशी बोलले नव्हते. त्या वेळी आशा लावणारं वाक्य तोंडून निघू द्यायचं नाही. मात्र पूर्ण ऐकायचं, घड्याळाकडे न बघता.

मुलगा ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या शाळेच्या, परीक्षेत दोन गुणांनी राहिला. मी पॅनेलवर असते तर सरळ घेतलं असतं. तुम्ही का नाही घेत?

कारण पॅनेलला आपली परीक्षा घ्यायची किंवा स्वतःचा कटऑफ लावायची परवानगी नाही. मूल अपेक्षित पातळीचं आहे याचे पुरावे पाहता येतात: शाळेचे अहवाल, मुख्याध्यापकांचं पत्र. ‘त्या दिवशी ताप होता’ यासोबत त्याच आठवड्याचा कागद लागतो. बुद्धिबळाची सतरा प्रशस्तिपत्रकं लावली म्हणून गणित सिद्ध होत नाही, हे आपल्या लोकांना जरा स्पष्टच सांगते.

मराठी मंडळातलं कुटुंब समोर आलं तर? नंतर दिवाळीला तोंड कसं दाखवायचं?

नावांची यादी आली की त्याच क्षणी क्लार्कला कळवा आणि त्या अपिलातून बाजूला व्हा. ‘मी निःपक्ष राहीन’ हा तुमचा विश्वास पुरत नाही, बघणाऱ्याला शंका यायला नको. मंडळात मात्र ‘जरा बघ ना’ म्हणून फोन येणारच. मी एकच उत्तर देते: ‘अपील कसं मांडायचं ते सांगते, पण तुझं प्रकरण माझ्यासमोर येणार नाही.’ दोघी-तिघी रुसल्या, पुढच्या कोजागरीला बोलायला लागल्या.

माझं इंग्रजी कामापुरतं आहे. कायद्याची भाषा झेपेल?

कायदा क्लार्क सांगतो. त्याला मताधिकार नसतो, पण वाट चुकलात तर तो अडवतो, आणि निकालपत्रही तोच लिहितो. तुम्हाला कागद वाचता यायला हवेत आणि न कळलेलं विचारायची लाज नको. आता बऱ्याच सुनावण्या व्हिडिओवर होतात, २०२२च्या प्रवेश-अपील संहितेने त्याला कायमची मान्यता दिली. तेव्हा मागे स्वयंपाकघर दिसू देऊ नका आणि कुकर लावून बसू नका. कागदांत मुलांचे आजार, घटस्फोट, पगार सगळं असतं, त्यामुळे सुनावणी संपली की गठ्ठा क्लार्कला परत द्या किंवा श्रेडरमध्ये घाला.