कस्टम कंट्रोलला स्वतःचे व्ह्यूमॉडेल असावे का?

डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज प्रोग्रामच्या स्क्रीन बनवण्याची मायक्रोसॉफ्टची चौकट) कस्टम कंट्रोल (स्क्रीनवरचा स्वतः बनवलेला घटक) लिहिताना एमव्हीसी, एमव्हीपी आणि एमव्हीव्हीएम या डेटा (मॉडेल) व दृश्य (व्ह्यू) वेगळे ठेवण्याच्या पद्धतींपैकी काय निवडावे आणि कंट्रोलला वेगळे व्ह्यूमॉडेल (व्ह्यूला डेटा पुरवणारा भाग) द्यावे का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. टेक्स्टबॉक्सला कुठे व्ह्यूमॉडेल असते?

आम्ही तारखांचा कालावधी निवडण्याचा कंट्रोल करत होतो. ‘प्रत्येक व्ह्यूला व्ह्यूमॉडेल हवेच’ या एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या हट्टापायी मी यूजरकंट्रोलच्या (तयार घटक जोडून केलेल्या कंट्रोलच्या) कन्स्ट्रक्टरमध्येच व्ह्यूमॉडेल तयार करून डेटाकॉन्टेक्स्टला लावले, म्हणजे बाइंडिंग (प्रॉपर्टी आणि डेटा यांना जोडणारा दुवा) मूल्ये जिथे शोधते त्या जागी ठेवले. चाचणीत सगळे सुरळीत दिसले. प्रत्यक्ष वापरात मात्र कोणतीही तारीख निवडली, तरी आजचीच जतन होऊ लागली. दोन दिवस मी डेटाबेसच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. फॉर्मच्या मॉडेलमध्ये आणि कंट्रोलच्या व्ह्यूमॉडेलमध्ये ‘फ्रॉमडेट’ या एकाच नावाची प्रॉपर्टी होती, दोन्हीकडे सुरुवातीचे मूल्य आजची तारीख होते, आणि फॉर्मवर लिहिलेले बाइंडिंग फॉर्मच्या मॉडेलपर्यंत न पोहोचता कंट्रोलच्याच व्ह्यूमॉडेलला चिकटत होते. नावे वेगळी असती, तर आउटपुट विंडोत निदान बाइंडिंग एररची एक ओळ उमटली असती.

शेवटी मी ते व्ह्यूमॉडेल काढून कंट्रोलवर फक्त दोन डिपेंडन्सी प्रॉपर्टी (ज्यांना बाइंडिंग लावता येते अशा प्रॉपर्टी) ठेवल्या, त्या मुळातच दुतर्फा बांधल्या जातील असे ठरवले आणि रूप टेम्प्लेटमध्ये (कंट्रोल कसा दिसेल हे सांगणाऱ्या आराखड्यात) नेले. (टेम्प्लेटबाइंडिंग एकतर्फीच असते, आतल्या तारखेच्या चौकटीसाठी टेम्प्लेटेड पॅरेंटकडे, म्हणजे टेम्प्लेट ज्याचे आहे त्या कंट्रोलकडे, जाणारे साधे बाइंडिंग लागते. त्यात माझी आणखी एक दुपार गेली.)

1979 मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी एमव्हीसी मांडले खरे, परंतु जावाच्या स्विंग या स्क्रीन बनवण्याच्या लायब्ररीतही व्ह्यू आणि कंट्रोलर (वापरकर्त्याच्या क्रिया हाताळणारा भाग) वेगळे ठेवणे जमले नाही; ते एकत्र करून फक्त मॉडेल स्वतंत्र ठेवले गेले. तक्ता किंवा ट्री यांसारख्या, पुष्कळ डेटा बाळगणाऱ्या कंट्रोलसाठी स्विंगमधील जेटेबल (तक्ता दाखवणारा कंट्रोल) आणि टेबलमॉडेल (त्याचा डेटा पुरवणारे मॉडेल) ही जोडी मला आजही आदर्श वाटते. एमव्हीपी मी विनफॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टची डब्ल्यूपीएफआधीची चौकट) स्क्रीनसाठी वापरला आहे, कंट्रोलसाठी कधीच नाही.

अर्थात, एकाच अॅप्लिकेशनपुरता, एकाच जागी वापरायचा यूजरकंट्रोल असेल, तर त्याला व्ह्यूमॉडेल असण्यास हरकत नाही. मात्र ते बाहेरच्या स्क्रीनने पुरवावे, कंट्रोलने स्वतः तयार करू नये.

त्या सहकाऱ्यांनी मात्र हे शेवटपर्यंत मानले नाही. त्यांच्या मते चूक प्रॉपर्टीच्या नावात होती.