स्मार्टफोन दोन वर्षं रोज वापरल्यावर कोणते गुण-दोष जाणवतात?

माझा फोन आता दोन वर्षांचा झाला. स्क्रीन अजूनही सुरेख आहे. ॲमोलेड, म्हणजे प्रत्येक पिक्सेल (ठिपका) स्वतः उजळणारी स्क्रीन, असल्यामुळे काळा रंग खरंच काळा दिसतो, कारण तिथले पिक्सेल बंदच असतात. कॅमेरा दिवसा उत्तम. रात्री मात्र हलणाऱ्या माणसांचे चेहरे पुसट येतात.

खरी अडचण बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी बऱ्याच फोनमध्ये साधारण 500 पूर्ण चार्जनंतर 80 टक्के क्षमतेवर येते, आणि उष्णतेने त्याहून लवकर. चार्जिंगला लावून गेम खेळायची सवय मला भोवली. सकाळी 100 टक्के भरलेला फोन दुपारी चारलाच चार्जर मागतो. तुम्ही चार्जिंगला लावून गेम अजिबात खेळू नका.

नवा घेताना सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार हे आधी विचारा, मेगापिक्सेल नंतर.