पर्याय क्रमांक एक कोणता लिहायचा?

या वेळची बहुतेक पत्रं अभियांत्रिकी प्रवेशाची आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच. नियमांचे तपशील दरवर्षी थोडेफार बदलतात. अर्ज भरायला बसाल तेव्हा सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवा.

मुलीला एमएचटी-सीईटीत 91 पर्सेंटाइल आहेत. नातेवाईक म्हणतात, आवाक्यातलं कॉलेज सगळ्यात वर लिहा, मोठ्या नावांच्या नादी लागलात तर हातचंही जाईल. पसंतीक्रम नेमका कसा लावायचा? (एक पालक, उदगीर)

नातेवाइकांचं ऐकू नका. जागावाटप गुणवत्ता क्रमांकानुसार होतं. मुलीचा क्रमांक आला की तिची यादी वरून खाली वाचली जाते आणि जो पहिला पर्याय तिच्या क्रमांकाला मिळू शकतो, तिथे वाचन थांबतं. वरचे दहा पर्याय हुकले म्हणून अकराव्या पर्यायासाठी ती रांगेत मागे जात नाही. त्यामुळे यादी मनापासूनच्या आवडीच्या क्रमानेच लावायची आणि शेवटी हमखास मिळतील असे आठ-दहा पर्याय ठेवायचे. 'हमखास'वाले वर लिहिले, तर तेच मिळणार आणि मग बदलता येणार नाही.

बदलता न येण्याचं कारण म्हणजे ऑटो-फ्रीझ. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला, तर ती जागा स्वीकारणं सक्तीचं असतं; स्वीकारली नाही तर पुढच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांचा दरवाजा बंद होतो. 2025-26च्या प्रवेशात फेऱ्या चार केल्या गेल्या आणि ही सक्ती दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांपर्यंत वाढवली गेली. म्हणून पहिले सहा पर्याय लिहिताना प्रत्येकासमोर थांबून मुलीला विचारा: "उद्या हेच मिळालं, तर चार वर्षं आनंदाने जाशील का?" उत्तर देताना ती अडखळली, तर तो पर्याय सहाव्याच्या खाली.

बेटरमेंट घेणाऱ्यांनी, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबणाऱ्यांनी, एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते. "दोन्ही बघून ठरवू" असं तिथे चालत नाही.

मागच्या वर्षीची कटऑफ यादी वाचताना कोड नीट बघा. जीओपीईएनएस म्हणजे सर्वसाधारण, खुला गट, राज्यस्तर. सुरुवातीला एल असेल तर ती जागा मुलींसाठी, आणि शेवटी एच असेल तर स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातली. मुलीसाठी दोन्ही यादी तपासायच्या, जी आणि एल. बरेच पालक फक्त जीचा आकडा बघून पर्याय खोडून टाकतात. शिवाय केवळ पहिल्या फेरीचा कटऑफ बघून निराश होऊ नका, शेवटच्या फेरीचाही बघा.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर त्या वेगळा पर्याय म्हणून भराव्या लागतात. त्यांच्या पर्याय कोडच्या शेवटी टी असतो. त्याच कॉलेजची तीच शाखा साध्या कोडने भरली म्हणजे टीएफडब्ल्यूएसही आपोआप भरलं, असं होत नाही. माफी फक्त शिक्षण शुल्काची असते आणि या जागेवरून नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

शाखेबद्दल थोडक्यात. 'एआय', 'डेटा सायन्स', 'आयओटी' अशी नावं बघून भुलू नका. पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम संगणक शाखेशी ताडून बघा, बऱ्याचदा तो जवळपास तोच निघतो. नॅकचं मूल्यांकन पूर्ण कॉलेजचं असतं, एनबीएचं शाखेनुसार, तेव्हा एनबीए तुमच्या शाखेला आहे का हे विचारा. प्लेसमेंटचा फलक सर्वांत मोठं पॅकेज दाखवतो. तुम्ही विचारायचं ते असं: या शाखेतून अंतिम वर्षाला किती जण बसले, किती जणांना नोकरी लागली, आणि पगाराच्या क्रमाने लावल्यावर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले? उत्तर देताना फलकाकडे बोट दाखवलं गेलं, तर तेही एक उत्तरच.

आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न साडेपाच लाख. मुलींना फी पूर्ण माफ असं ऐकलं, पण कॉलेज पैसे मागतंय. शिवाय माझ्या मैत्रिणीची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात आली नाही. (बारावी झालेली विद्यार्थिनी, जालना)

ऐकलं ते खरं, पण अर्धं. 2024-25पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पन्नासऐवजी शंभर टक्के मिळतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोटा किंवा संस्था स्तरावरचा प्रवेश यात बसत नाही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत रक्कम हेही बाहेर. फीची पावती मागा आणि रकाने वेगळे करा. समजा एकूण 1,20,000 रुपयांत शिक्षण शुल्क 1,05,000 आणि विकास शुल्क 15,000 असेल, तर पंधरा हजार तुमच्याकडून मागणं बरोबर आहे. बाकीच्या रकमेबद्दल लेखी विचारा. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, ती छापून सोबत न्या.

आता मैत्रिणीचं. 'मंजूर' आणि 'जमा' यांच्यामध्ये जे अडतं, ते बहुधा आधार. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी करणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधली पैसे पाठवण्याची यंत्रणा चालवणारी संस्था) नोंदीत खातं आधारशी जोडणं वेगळं. एका आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. सरकारी पैसे तिकडेच जातात, अर्जात कोणतंही खातं लिहिलं असलं तरी. नवीन खातं उघडताना बँकेने हलकेच तिथे जोडणी केली असेल, तर पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडून असतील. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, दोन मिनिटांचं काम आहे. खातं बंद पडलेलं असेल तर बँकेत जाऊन चालू करून घ्यावं.

महाडीबीटीवरचा (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज कॉलेजकडून परत यायची नेहमीची कारणं: उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, खंडवर्षाचं प्रमाणपत्र नाही, किंवा कॅपचा अर्ज क्रमांक चुकीचा. नावाचा क्रम आणि स्पेलिंग बारावीत असतानाच आधारवर सुधारून घ्या. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संबंधित वर्षाच्या 31 मार्चला संपते, त्यामुळे तारीख बघूनच जोडा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीची वाट बघू नये, अकरावीतच कॉलेजच्या पत्रासह समितीकडे अर्ज करावा. ते वेळेत आलं नाही तर राखीव जागेवरचा दावा धोक्यात येतो.

आणि नूतनीकरण दरवर्षी असतं! दुसऱ्या वर्षी अर्ज भरायचा राहून गेला, असं सांगणारी पत्रं आम्हाला दर हिवाळ्यात येतात.

बारावीत गणितात 90 होते. पहिल्याच सत्रात एम-वनची (अभियांत्रिकी गणिताचा पहिला पेपर) केटी लागली, म्हणजे विषय राहिला. व्हिडिओ सगळे बघितले, नोट्स तीनदा वाचल्या. चुकलं कुठे? (प्रथम वर्ष, नाशिक)

चूक तुमच्याच वाक्यात आहे: बघितले, वाचल्या. लिहिलं किती?

सोडवलेलं उदाहरण पाहताना प्रत्येक पायरी पटते आणि पटणं म्हणजे येणं असा भास होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कारपिक यांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

एम-वनसाठी एक बैठक साधारण 50 मिनिटांची धरा. पहिली पाच मिनिटं कोऱ्या कागदावर त्या प्रकरणाची सूत्रं आणि अटी न बघता लिहा. ऑयलरचं प्रमेय घेतलं असेल तर फलन समघाती असायला हवं ही अटही. पुढची 35 मिनिटं जुन्या प्रश्नपत्रिकेतली तीन उदाहरणं, वही-मोबाइल बंद ठेवून. अडलात तर लगेच उत्तर उघडू नका, सहा-सात मिनिटं झुंजा. शेवटची दहा मिनिटं तपासणी. चुकीसमोर अक्षर टाका: संकल्पना चुकली तर 'सं', आकडेमोड चुकली तर 'आ', प्रश्न नीट वाचला नाही तर 'प्र'. दोन आठवड्यांनी ही अक्षरं मोजा. बहुतेक 'आ' निघाले तर नवा क्लास लावून उपयोग नाही, आंशिक अवकलनाच्या पायऱ्या सावकाश लिहायची सवय लावा. 'सं' जास्त निघाले तर शिक्षकांकडे जा, आणि जाताना अडलेलं उदाहरण अर्धवट सोडवलेलं घेऊन जा.

तेच उदाहरण तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा कोऱ्या कागदावर. पूर्ण सोडवायला वेळ नसेल तर फक्त पहिल्या दोन पायऱ्या लिहा. कोणती पद्धत लावायची हे ओळखण्यातच विद्यार्थी जास्त अडतात. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात सगळी प्रकरणं मिसळून सोडवा. प्रकरणानुसार सोडवताना पद्धत मथळाच सांगून टाकतो.

केटी लागली म्हणून घाबरू नका, पण ती पुढे ढकलूही नका. वायडी झाली, म्हणजे वर्षच वाया गेलं, तर त्या पुनरावृत्तीच्या वर्षी शिष्यवृत्तीही हुकते.

पुण्यात कॉट बेसिसवर राहणार आहे. महिन्याचा खर्च कसा आटोक्यात ठेवायचा? (विद्यार्थी, सोलापूर)

सर्वांत जास्त गळती मेसमध्ये होते. आकडे समजुतीसाठी: महिन्याचे 3,200 रुपये, दोन वेळा मिळून 60 ताटं, म्हणजे ताट 53 रुपयांना. पण तुम्ही आठ दिवस गावी गेलात आणि आणखी दहा वेळा बाहेर खाल्लंत, तर जेवणं उरली 34, आणि तेच ताट 94 रुपयांना पडलं. म्हणून मेस ठरवताना चवीआधी खाड्याचा नियम विचारा: किती दिवस सलग गेलं तर खाडा धरतात, आदल्या दिवशी सांगितलं तर चालतं का, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का. गावी वारंवार जाणाऱ्याला कूपनची मेस बरी. पहिला महिना आगाऊ भरण्याआधी चार दिवस रोखीने जेवून बघा.

खोलीचं भाडं ऐकून हुरळू नका. वीज, वायफाय, पाणी आणि कॉलेजपर्यंतचा प्रवास मिळवूनच दोन खोल्यांची तुलना करा. अनामत रकमेची पावती घ्या, आणि राहायला गेल्याच दिवशी भिंती, पंखा, गादीचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

पुस्तकांची यादी हातात पडताच अप्पा बळवंत चौक गाठू नका. आधी ग्रंथालयाची बुक बँक, मग वरच्या वर्गातले विद्यार्थी, मग चौकातली जुनी पुस्तकं. जुनं घेताना मुखपृष्ठावरचं पॅटर्नचं वर्ष तुमच्याच अभ्यासक्रमाचं आहे का ते तपासा, नाहीतर दोन प्रकरणं भलतीच निघतात. लॅपटॉपची घाई पहिल्या सत्रात नको, प्रयोगशाळेत संगणक असतात. ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअर ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवान्यावर मोफत देते. त्यासाठी क्रॅक शोधून मशीनमध्ये व्हायरस घेऊ नका.

सुट्टीत सोलापूरला जाताना कॉलेजमधून रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्या. शिक्षणाचं ठिकाण ते मूळ गाव या प्रवासाला स्लीपर व द्वितीय वर्गाच्या मूळ भाड्यात सर्वसाधारण विद्यार्थ्यांना 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के सूट असते. हे तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, त्यामुळे फॉर्म आठवडाभर आधी मागा.

शैक्षणिक कर्जावर शिक्षण चालू असताना व्याज भरावं का? (पालक, कराड)

परवडत असेल तर जरूर भरा. दरवर्षी एक लाख असं चार वर्षांत चार लाख उचललं आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर शिक्षणाची चार वर्षं आणि सवलतीचं एक वर्ष मिळून सरळ व्याज 1,40,000 रुपये होतं. काहीच भरलं नाही तर 5,40,000 वर सात वर्षांचा हप्ता साधारण 8,960 रुपये बसतो. व्याज वेळच्या वेळी भरलं तर चार लाखांवर तो 6,640 रुपये. हप्त्यांतला फरक सात वर्षांत सुमारे 1,95,000. त्यातून आधी भरलेलं 1,40,000 वजा केलं तरी पंचावन्न हजार वाचतात. सुरुवातीचं ओझंही फार नसतं, पहिल्या वर्षी महिना 833 रुपये.

कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मात्र आधी बँकेत व्याज अनुदानाची चौकशी करा. तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सवलतीच्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. अर्ज पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवरून, आणि उत्पन्नाचा दाखला कर्ज उचलतानाच द्यायचा.

दहावीला 68 टक्के. डिप्लोमा की अकरावी सायन्स? (पालक, चिपळूण)

अभियंताच व्हायचं असेल तर वर्षं सारखीच लागतात: तीन अधिक तीन, किंवा दोन अधिक चार. डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी लागत नाही. मधेच थांबायची वेळ आली तरी हातात नोकरीलायक पात्रता असते. अकरावी-बारावी झाल्यावर तसं नसतं. पण वैद्यकीय किंवा शुद्ध विज्ञानाचा विचार थोडाही मनात असेल तर अकरावीच घ्या. डिप्लोमावाल्यांची खरी अडचण पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या गणितात येते, कारण बाकीचे पहिल्या वर्षी कलन पक्कं करून आलेले असतात. त्या आधीची उन्हाळी सुट्टी गणितासाठी राखून ठेवा.