नोकरी करून शिकताय आणि लायब्ररी जमत नाहीये?

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी दर रविवारी समुपदेशक म्हणून बसते. नोकरी करून शिकणारी बरीच जणं एकच काळजी घेऊन येतात, मॅडम लायब्ररीत जायला वेळच मिळत नाही, आमचं कसं होणार.

मागच्या वर्षी समाजशास्त्रात एम.ए. करणारी एक स्टाफ नर्स आली होती, म्हणाली सोडूनच देते. लायब्ररीतून सात दिवसांसाठी पुस्तक नेलेलं, मध्ये लागोपाठ चार नाइट आल्या, डब्याचं तेल लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते पुस्तक लॉकरमध्ये तसंच राहिलं. दंड भरायला गेली तर काउंटरवर ऐकवलं, वाचायचं नव्हतं तर नेलंत कशाला? तेव्हापासून ती तिकडे फिरकलीच नाही.

मला ते फार लागलं. लायब्ररी दहा ते साडेपाच, हिची ड्युटी त्याच वेळात नाहीतर रात्री, यात हिचा आळस कुठे आला? भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथाच आहे, वाचकाचा वेळ वाचवा. हे तिला सांगितलं तेव्हा गप्पच झाली, मग म्हणाली, मला वाटायचं मीच त्यांचा वेळ खाते.

मग ड्युटी चार्ट घेऊन बसलो. सुट्टी बुधवारी. आणि अख्खं पुस्तक तिला नकोच होतं, असाइनमेंटला दोन प्रकरणं पुरेशी होती! इग्नू म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं ई-ज्ञानकोश, अभ्यासक्रमाचं ऑनलाइन साहित्य, फुकट आहे, त्यातली युनिट्स मोबाइलवर उतरवून घेतली, शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या वेबसाइटवर मराठी प्रबंध कसे शोधायचे तेही दाखवलं. शिवाय आपल्या महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगावी आहेत, तिच्या घराजवळचं तर संध्याकाळी उघडं असतं आणि ती रोज त्याच्यासमोरून रिक्षाने जायची.

सगळ्यात अवघड होतं परत काउंटरवर जाणं. चिठ्ठीवर लिहून दिलं, पुस्तकाचं नाव, कुठली प्रकरणं, बुधवारी येते, फोनवर मुदत वाढवून मिळेल का. एवढंच विचारायचं, सॉरी म्हणायचं नाही. गेली, तर तिथल्या ग्रंथपाल बाईंनी स्वतःचा नंबर दिला, आता पुस्तक बाजूला काढून ठेवतात.

एका पेपरचं मराठी पुस्तक मात्र अजून कुठेच मिळत नाहीये, आम्ही दोघी शोधतोय.